कलमी फटफटी

बदलीच्या नोकरीत हयात घालविलेल्या माणसाची एक खूण आम्हांला आता दुरूनही ओळखू येते. दुकानात एखादी वस्तू मनात भरली, तर तो प्रथम तिची किंमत विचारीत नाही; ती सामानाच्या ट्रकमध्ये उभी बसेल की आडवी, याचा अंदाज घेतो. आमच्या घरातील कपाटांचे स्क्रू काढले की त्यांची फळ्यांची चळत होते, पलंग चार दांड्यांत मोडतो, आणि देव्हाराही असा निवडलेला आहे, की त्याचा कळस काढून आतच ठेवता येतो. बत्तीस वर्षांत नऊ घरे झाली. प्रत्येक घर सोडताना सौभाग्यवतींनी यादी केली आणि प्रत्येक यादीत मागच्यापेक्षा दोन-चार वस्तू कमीच भरल्या. जे मोडून नेता येत नाही ते घ्यायचे नाही, असा आमच्या संसाराचा अलिखित नियम. या मासिकाचे बहुतेक वाचक याच वाटेचे प्रवासी असल्यामुळे त्यांना तो समजावून सांगण्याची गरज नाही.

असे असता, निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना, आम्हांला एक जुनी मोटारसायकल घ्यावीशी वाटली. आणि तीही साधी नव्हे, ‘चॉपर’. हा शब्द आम्ही घरात प्रथम उच्चारला तेव्हा सौभाग्यवतींनी स्वयंपाकघरातूनच उत्तर दिले, ‘एक आहे की घरात. त्याच्यानेसुद्धा कांदा बारीक होत नाही.’ सुट्टीवर आलेल्या चिरंजीवांनी भ्रमणध्वनीवर चित्र दाखविले, तेव्हा त्यांनी ते बराच वेळ पाहिले आणि एवढेच विचारले, ‘हिची मान एवढी लांब का?’

त्या प्रश्नाचे महत्त्व आम्हांला पुढे मलिहाबादला कळले.

मूळ मात्र फार मागे, नागपुरास आहे. १९८३ साली आम्ही हिस्लॉप कॉलेजात जात असू, आणि आमच्या गल्लीच्या टोकाला सैन्यातून निवृत्त झालेले एक डॉक्टर राहत. त्यांच्याजवळ बुलेट होती. पहाटे ती सुरू करण्याचा त्यांचा एक विधी असे. आधी अँपिअरच्या काट्याकडे पाहत पायाने किक हळूहळू दाबायची, काटा मध्यावर आला की डाव्या हाताखालची लहानशी कळ ओढून दाब सोडायचा, किक इंचभर आणखी खाली न्यायची, आणि मग सगळे शरीर उचलून एकच लाथ. घाई केली, तर तीच किक उलट उसळून घोट्याचा समाचार घेत असे. तो गंभीर, एकसुरी ठोका गल्लीतून निघून वळणापलीकडे विरेपर्यंत आम्ही अंथरुणात डोळे मिटून ऐकत असू. आमचे वडील, ती. अण्णा, हे लेखनिक. त्यांनी स्कूटरसाठी नाव नोंदविले होते, आणि त्या काळी स्कूटरसाठी नाव नोंदविणे म्हणजे मुलीच्या जन्माबरोबर तिच्या लग्नाची तयारी सुरू करण्यासारखे होते. कित्येक वर्षांनी जी आली, ती साताऱ्यास बनलेली ‘प्रिया’. तिच्यावर आम्ही चौघे बसत होतो. बुलेटचे नाव काढल्यावर अण्णा रागावले नाहीत. ‘ती आपल्यातली नव्हे,’ एवढेच म्हणाले. त्यांनी हे वाक्य आयुष्यात अनेक वस्तूंविषयी उच्चारले असेल, पण आमच्या मनात रुतून बसले ते बुलेटविषयीचेच.

नियतीचा विनोद असा, की शेवटच्या नेमणुकीसाठी आम्ही आलो ते लखनौला. याच शहरात १९७२ साली इटलीतील इनोचेंती कंपनीची सारी यंत्रसामग्री आणून ‘स्कूटर्स इंडिया’ उभी राहिली, लँब्रेटाच्या जातीची ‘विजय सुपर’ येथूनच देशभर गेली, आणि २०२१ साली सरकारने तो कारखाना कायमचा बंद करण्यास मान्यता दिली. म्हणजे स्कूटरीने येथेही आमचा पाठलाग सोडला नव्हता.

चॉपर म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी तरुण मुले नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत परतलेल्या सैनिकांनी स्वस्तात मिळणाऱ्या मोटारसायकली घेतल्या, आणि त्यांवरचे जे जे अनावश्यक वाटले ते ते कापून टाकले. कापणे म्हणजेच ‘चॉप’; त्यावरून हे नाव. पुढे नुसते कापणे पुरेना. पुढचा दुकाटा लांबला, हँडल खांद्याच्या वर चढले, बसण्याची जागा जमिनीजवळ आली, टाकी शेंगेएवढी झाली, आणि मागचे चाक उखळीसारखे रुंद. १९६९ च्या ‘ईझी रायडर’ या चित्रपटाने हे ध्यान जगभर नेले. त्यातील नायकाची ती ध्वजाच्या रंगांची गाडी क्लिफ व्हॉन आणि बेन हार्डी या दोन कृष्णवर्णीय कारागिरांच्या हातची. परंतु त्या दोघांची नावे चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हती. आपल्याकडे या छंदाचा पाया बहुधा बुलेटच असतो. मुंबईत अक्षय वर्दे यांनी अशा गाड्या घडविण्याचा व्यवसायच उभारला आणि त्याला नाव दिले ‘वर्देंची’. दूरदेशी राहून षष्ठीचा प्रत्यय इतक्या दिमाखाने मोटारसायकलीच्या टाकीवर मिरवलेला पाहिला, की मराठी माणसाचा ऊर उगाचच भरून येतो. पण तसली नवी गाडी आमच्या भविष्यनिर्वाह निधीच्या आटोक्यातली नव्हती. जुनी, कोणीतरी हौसेने केलेली आणि आता हौस फिटल्यामुळे विकावयास काढलेली मिळाली तर पाहावी, असा बेत होता.

तशी एक मलिहाबादला असल्याचे आमच्या गाडीची देखभाल करणाऱ्या वृद्ध मिस्त्रींनी सांगितले. या मिस्त्रींना सारे उस्ताद म्हणतात. २०२२ च्या जूनमधील एका रविवारी सकाळी आम्ही, चिरंजीव आणि उस्ताद असे तिघे निघालो.

लखनौहून हरदोईच्या रस्त्याने मलिहाबाद सुमारे पंचवीस किलोमीटर. वाटेत काकोरीचा फाटा लागतो. ९ ऑगस्ट १९२५ रोजी या गावाजवळ क्रांतिकारकांनी सरकारी खजिन्याची गाडी अडविली, हे सर्वांना ठाऊक असते. त्या खटल्यात दहा वर्षांची शिक्षा झालेले रामकृष्ण खत्री हे बुलढाणा जिल्ह्यातील चिखलीचे, आणि सुटकेनंतर ते पुढे लखनौतच राहून १९९६ साली येथेच वारले, हे मात्र आम्हांला येथे येईपर्यंत माहीत नव्हते. फाटा आला की आम्ही हे चिरंजीवांना सांगतो. त्या दिवशीही सांगितले. त्यांनी ते चौथ्यांदा शांतपणे ऐकून घेतले.

काकोरी सोडली की दोन्ही अंगांना आमराया सुरू होतात. हापूसच्या मुलखातून आलेल्या माणसाने दशहरीची स्तुती करणे म्हणजे फितुरीच. तरी येथे एवढे कबूल करतो, की जूनमध्ये बादलीभर गार पाण्यात भिजलेली दशहरी झाडाखाली बसून चोखताना आम्हांला हापूसची आठवण होते, पण उणीव भासत नाही. या सगळ्या दशहरीचे मूळ झाड काकोरीजवळच्या दशहरी याच गावी अजून उभे आहे. येथील झाडे या ना त्या पिढीत त्याचीच कलमे. कलमांची विद्या तर या गावच्या हाडीमासी मुरलेली. हाजी कलीमुल्ला खान यांनी एकाच वृक्षावर तीनशेहून अधिक जातींचे आंबे धरविले, आणि २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे ज्याला रायवळ म्हणतात त्याला इकडे ‘बीजू’ म्हणतात. बीजूचा खुंट घ्यायचा, त्यावर हव्या त्या जातीची काडी बसवायची, आणि सांधा जिवंत होईपर्यंत वाट पाहायची. शायर जोश मलिहाबादी हे याच गावचे. त्यांचा जन्म १८९८ चा. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांनी ते पाकिस्तानात गेले आणि १९८२ साली इस्लामाबादेत वारले. गाव सुटले, पण नावातून गाव गेले नाही. बदलीवर असलेल्यांनी एकदा तरी या आमरायांतून हिंडून हे आठवून पाहावे.

गाडीचे मालक सत्तरीच्या आसपासचे पठाण, बागवान. आम्ही त्यांना खाँसाहेब म्हणू. त्यांनी आम्हांला खाटेवर बसविले, आंबे पुढे केले आणि गाडीचा विषय पाऊण तास काढलाच नाही. त्या वर्षीच्या मार्च महिन्यात असा उन्हाळा पेटला होता, की हवामानखात्याच्या नोंदीत तसा मार्च पूर्वी सापडत नव्हता. मोहोर जळाला, धरलेली फळे गळाली. ‘पेड़ पर पत्ते गिन लीजिए, साहब, आम गिनने की ज़हमत न होगी,’ खाँसाहेब हसून म्हणाले; पण हसताना त्यांनी नजर दुसरीकडे वळविली. मग हलकेच गाडीची गोष्ट निघाली. २००८ साली त्यांनी स्वतःसाठी साधी बुलेट घेतली होती. धाकट्या मुलाने तिचे असे रूप केले. तो मुलगा आता रियाधमध्ये नोकरीस. नोंदणीची पंधरा वर्षे पुढच्या साली संपणार. मग तपासणी, नूतनीकरण. तोवर कोणी कदरदान मिळाला तर बरे. किंमत त्यांनी एक लाख चाळीस हजार सांगितली, आणि सांगून झाल्यावर लगेच पाणी मागविले.

गोठ्याच्या सावलीत चादर दूर झाली, आणि आम्ही पाहिली. खोटे कशाला बोलावे? वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी आमच्या छातीत ठोका चुकला. गर्द जांभळ्या रंगाची टाकी, तीवर हाताने रंगविलेली आंब्याची एक डहाळी, लांब दुकाटा, आणि त्या सगळ्या परदेशी थाटाच्या मध्यभागी ते ओळखीचे, बिडाचे, जुने काळे इंजिन. उजव्या पायाला गिअर, डाव्या पायाला ब्रेक, डॉक्टरांच्या गाडीला होते तसेच.

जुनी गाडी निवडावी कशी, हे उस्तादांकडून शिकण्यासारखे आहे. गाडीकडे पाहण्याआधी त्यांनी इंजिनावर तळहात ठेवला. ते गार होते. म्हणजे पाहुणे येण्यापूर्वी तापवून ठेवलेले नव्हते. ‘यह शराफ़त है,’ ते पुटपुटले, कारण गरम इंजिन कोणाचेही सुरू होते. दुसऱ्या लाथेला गाडी बोलली. त्यांनी सायलेन्सरच्या तोंडाशी रुमाल धरला, धूर पाहिला. निळा असता तर इंजिन तेल पिते असे धरावयाचे, तो नव्हता. नंतर एक लांब सुतळी काढून मागच्या चाकापासून पुढच्या चाकापर्यंत ताणली आणि दोन्ही चाके एका रेषेत आहेत का ते पाहिले. बोटभर फरक निघाला. टायरच्या कडेवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. ते वाचून त्यांनी टायर सात वर्षांचा असल्याचे सांगितले. रबर झिजले नव्हते, पण वाळले होते. पुढचे चाक दोघांनी उचलून धरले आणि दुकाटा पुढे-मागे हलविला, तेव्हा आत कोठेतरी ‘टक्’ असा बारीक आवाज झाला.

एवढ्यात आमचा धीर सुटला आणि आम्ही बसलो. आमराईच्या वाटेने शंभर-दीडशे पावले आम्ही ती चालविली. सरळ रस्त्याला तिच्याइतकी शहाणी दुसरी नसेल. पण वळणाशी वेग कमी केला, की पुढचे चाक आपल्याच भाराने एका बाजूस कोसळू पाहते आणि ती लांब मान दोन्ही हातांनी सावरावी लागते. मानेचा कोन जितका कलता, तितके हे अधिक. तरीही परत येताना आम्ही हसत होतो, असे चिरंजीव सांगतात. त्यांनी छायाचित्रही घेतले. त्यात आम्ही अण्णांसारखे दिसतो, हे आणखी विशेष.

उस्ताद हसत नव्हते. त्यांनी खिशातून लोहचुंबक काढले. सांगाड्याच्या नळ्यांवरून ते नेत असता ते सगळीकडे चिकटत होते. मानेशी मात्र, जेथे पुढचा दुकाटा सांगाड्याला भेटतो तेथे, निसटून पडले. पुन्हा लावले, पुन्हा पडले. म्हणजे त्या जागी रंगाखाली लोखंड नव्हते. लांबी भरून, घासून, वर रंग दिलेला होता. त्यांनी नखाने रंग खरवडला. केसासारखी एक रेघ दिसली, आणि तिच्यातून गंज डोकावत होता.

मग नोंदणीपत्र आले. यू.पी. ३२, सांगाड्याचा क्रमांक, इंजिनाचा क्रमांक. आम्ही चष्मा लावून एकेक अक्षर ताडून पाहिले. हे आमचे जन्माचे काम. यात आम्ही कधी चुकलो नाही. दोन्ही क्रमांक बिनचूक जुळले. आम्ही उस्तादांना बाजूस घेतले आणि म्हणालो, ‘आकडे जुळताहेत. रेघ काय, झाळून घेऊ.’ आम्ही मराठीत बोललो, हे त्यांच्या मुद्रेवरून ध्यानात आले. हिंदीत पुन्हा सांगितले. उस्तादांनी बोट मानेवरच्या आकड्यांवर फिरविले. कारखान्याचा ठसा एका ओळीत, एका खोलीचा असतो. येथे पाच खाली बसला होता आणि आठ तिरका होता. ‘काग़ज़ पर तो जुड़े हैं, साहब. लोहे में नहीं जुड़े.’

तेव्हाच खाँसाहेब निरागस अभिमानाने म्हणाले, ‘अरे, असली ढाँचा तो वहाँ टँगा है,’ आणि त्यांनी गोठ्याच्या आढ्याकडे हात केला. तेथे दोन दोरांनी टांगलेला, आंब्याच्या रिकाम्या पेट्या ठेवण्याच्या कामी आलेला, बुलेटचा मूळ सांगाडा होता. मान शाबूत, आणि तीवर, धूळ पुसल्यावर, तोच क्रमांक, एका ओळीत. मुलाने नळ्या वाकवून नवा सांगाडा केला होता आणि कागदाशी मेळ बसावा म्हणून त्यावर घरीच आकडे ठोकले होते. एकोणीस वर्षांच्या पोराला त्यात काही गैर वाटले नसेल. एका नावाची दोन माणसे असावीत, तसे एका क्रमांकाचे दोन सांगाडे त्या गोठ्यात होते.

कायदा आम्हांला ठाऊक होता. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते, की निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरफार मालकाने करू नये. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ निःसंदिग्ध केला: रंग बदलता येईल, रचना नव्हे. त्याच वर्षी दुरुस्तीने आलेल्या कलमात प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहेत. शिवाय २०२१ च्या जुलैत अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाने बदललेल्या सायलेन्सरांच्या गोंगाटाची आपण होऊन दखल घेतली होती. हे सारे जाणणारा माणूस त्या गोठ्यात उभा राहून मनात काय म्हणत होता? ‘कोण पाहतो?’ म्हणत होता. कागद जुळतो आहे, विकणारा राजी आहे, आणि आपण चाळीस वर्षे वाट पाहिली आहे.

त्या क्षणी आम्हांला जे आठवले ते लिहावे की नाही, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. आमच्या पूर्वीच्या एका मुक्कामी, हिंदी मुलखातच, एका मराठी कर्मचाऱ्याच्या विधवेचे कुटुंबनिवृत्तिवेतनाचे प्रकरण आमच्या टेबलावर आले. सेवापुस्तकात नवऱ्याचे नाव ‘बाळकृष्ण’ होते, बँकेच्या पुस्तकात ‘बालकृष्ण’. हिंदीत ळ नाही. तेथील लेखनिकाने ल लिहिला. आम्ही मराठी. त्या ळचा ल कसा होतो हे त्या इमारतीत कोणाला कळत असेल, तर ते आम्हांलाच. तरीही नावात तफावत असा शेरा मारून आम्ही प्रकरण परत पाठविले, कारण नियम तसा होता आणि पुढे लेखापरीक्षा होती. प्रकरण सुटायला सात महिने लागले. त्या अवधीत त्या बाई शेजाऱ्यांच्या मुलांच्या शिकवण्या घेत होत्या, असे नंतर कळले. त्या भेटल्या तेव्हा आमच्याशी मराठीत बोलल्या. तक्रार केली नाही. तेथे माणूस खरा होता आणि एका अक्षराने कागद खोटा ठरला होता. येथे कागद अक्षरशः खरा होता आणि वस्तू खोटी होती. आणि या वेळी मात्र आम्ही शेरा मारण्यास तयार नव्हतो.

चिरंजीव इतका वेळ गप्प होते. आता ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, ‘बाबा, ही मी चालवणार असतो, तर तुम्ही घेतली असती का?’

आम्ही नोंदणीपत्र घडी घालून खाँसाहेबांच्या हाती दिले.

सांगणे सोपे नव्हते. वाईट हंगामात ज्या माणसाने एक लाख चाळीस हजार मनाशी मोजून ठेवले आहेत, त्याला ही वस्तू विकताच येणार नाही, नूतनीकरणाच्या तपासणीतही टिकणार नाही, आणि मानेशी मोडली तर कोणाचा तरी जीव घेईल, असे त्याच्याच आंब्यांची कोय हातात असताना सांगावयाचे. आम्ही सांगितले. खाँसाहेबांनी ती रेघ स्वतः बोटाने चाचपली. बागवानाला सांधा कळतो. काही वेळाने ते म्हणाले, ‘पैवंद पकड़ा नहीं.’ कलम जगले नाही, की ते हेच म्हणत असावेत.

मग उस्तादांनी तोड काढली. इंजिन खरे, टांगलेला सांगाडा खरा. मुलाने जुनी टाकी, दुकाटा, मडगार्डे टाकली की ठेवली? ठेवली होती, बापाच्या भयाने प्रत्येक वस्तू गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवली होती. म्हणजे बुलेट पुन्हा बुलेट होऊ शकत होती. फक्त त्यासाठी मुलाची गाडी मोडावी लागणार होती. खाँसाहेब उठून झाडांमागे गेले आणि रियाधला फोन लावला. दुरून आम्हांला शब्द ऐकू येत नव्हते. एवढेच दिसत होते, की ते बोलत कमी होते आणि ऐकत जास्त होते. परत आले ते काहीसे मोकळे होऊन. मुलगा म्हणाला होता, की इंजिन काढा, पण सांगाडा आणि टाकी विकू नका. तेथेच टांगा, जेथे असली टांगला होता.

आणि मुलाने आणखी एक विचारले होते: साहेब आता साधी बुलेट घेतील का?

हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला नव्हता. आम्ही चॉपर पाहावयास आलो होतो. परंतु गेली चाळीस वर्षे पहाटे जो ठोका आम्हांला अधूनमधून ऐकू येतो, त्यात लांब मान नव्हती की जांभळी टाकी नव्हती. आम्ही होय म्हणालो. ऐंशी हजार ठरले. जोडणीचा खर्च आमचा. घासाघीस दोन्ही बाजूंनी इतकी बेताची झाली, की उस्तादांना लाज वाटली असावी.

आंब्याचा हंगाम सरल्यावर तीन रविवार उस्ताद मलिहाबादेस गेले, आणि तिन्ही वेळा आम्ही त्यांचे पाने-पक्कड सांभाळण्यास बरोबर होतो. सौभाग्यवती एकदा आल्या. त्यांनी टांगलेला तो लांब मानेचा सांगाडा पाहिला, आणि खाँसाहेबांच्या बेगमांबरोबर कैरीच्या लोणच्याचा मसाला कसा भाजावा यावर दीड तास बोलत बसल्या.

हस्तांतराचे कागद आम्ही स्वतः भरले: नमुना २९, नमुना ३०, विम्याची प्रत, पत्त्याचा पुरावा. खाडाखोड नाही, रिकामा रकाना नाही. परिवहन कार्यालयातील तरुण लेखनिकाने ते चाळले, थांबला, आणि नम्रपणे परत केले. नोंदणीपत्रावर खाँसाहेबांचे नाव ‘मो.’ असे सुरू होत होते. आधारपत्रावर ‘मोहम्मद’ असे पूर्ण होते. नावात तफावत. प्रतिज्ञापत्र लागेल.

आम्ही त्याच्याशी एक शब्दही वाद घातला नाही. बाहेर येऊन कडुनिंबाखाली थोडा वेळ उभे राहिलो आणि मग पुन्हा मलिहाबादची वाट धरली. खाँसाहेबांनी प्रतिज्ञापत्रावर उर्दूत सही केली, उजवीकडून डावीकडे, सावकाश. ‘एक नुक़्ते की बात है, साहब,’ ते म्हणाले, ‘आप को नाहक़ दोबारा आना पड़ा.’ त्या विधवा बाईंचे नाव-गाव आमच्या जुन्या दैनंदिनीत अजून आहे. त्या रात्री आम्ही त्यांना पत्र लिहावयास बसलो. मायना लिहिला, आणि पुढे काय लिहावे ते सुचले नाही. तो कागद दैनंदिनीतच आहे.

गाडी आमच्या नावावर झाली. २०२३ साली तपासणी होऊन नोंदणीला पाच वर्षांची मुदत मिळाली. २०२४ साली आम्ही निवृत्त झालो आणि नागपूरचे सामान बांधावयास घेतले. कपाटे उतरली, पलंग मोडला, देव्हाऱ्याचा कळस आत गेला. सौभाग्यवती यादी घेऊन अंगणात आल्या, मोजपट्टीने त्यांनी बुलेटची लांबी घेतली, उंची घेतली, हँडलाची रुंदी दोनदा घेतली, आणि आमच्याकडे न पाहता विचारले, ‘ही उभी जाईल की आडवी?’